वाटेत फक्त अर्धा तास

परवा आमच्या कॉलनीतल्या एका स्नेह्यांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशोबाला पक्के. त्यांना छत्रपती संभाजीनगरहून जळगावला भाचीकडे जायचं होतं. नवरा-बायको दोघंच, सामान बरंच, म्हणून गाडी ठरवायची होती. आणि वाटेत अजिंठा लागतोच, तर तेवढं बघूनही घ्यावं असा बेत. "सर, तुम्ही दोनदा गेलात ना असे? गाडीवाल्याला काय काय विचारायचं ते सांगा."

मी विचारलं, "कुठला वार ठरवलाय?"

"येता सोमवार."

म्हटलं, झालं! अहो, अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी. ज्या जिल्ह्यात जन्म काढला त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आपल्याला माहीत नसते, कारण लेणी ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू अशी आपली समजूत. असो. वार बदलला. मग मी त्यांना जे सांगत सुटलो ते चाळीस मिनिटं चाललं. मास्तरकीची सवय, दुसरं काय! फोन ठेवल्यावर आमची ही म्हणाली, "एवढं सांगितलंत, पण मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत." तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. ती मुख्य गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. म्हणून इथे लिहितो आहे.

गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. जळगावला हिच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं. पूर्वी आम्ही हा प्रवास कायम एस.टी.ने केलेला. पण हिचे गुडघे तेव्हा नुकतेच कुरकुरायला लागले होते, आणि रस्ता तर रुंदीकरणासाठी ठिकठिकाणी उखडून ठेवलेला. मुलाने पुण्याहून फोनवरच गाडी ठरवून दिली. 'वन-वे ड्रॉप' म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गाडी तुम्हाला एका गावातून दुसऱ्या गावात सोडते आणि मोकळी परत जाते, किंवा तिकडचं गिऱ्हाईक घेऊन येते. भाडं ठरलेलं, किलोमीटर ठरलेले. मला फार सोयीचं वाटलं.

सकाळी सहाला गाडी दारात. ड्रायव्हर पस्तिशीचा, शांत माणूस. सामान त्यानेच ठेवलं, हिला हाताला धरून बसवलं. फुलंब्री गेली, सिल्लोड आलं, तिथे चहा झाला. आणि चहा पिता पिता मला सुचलं, की वाटेत अजिंठा आहे. हिने लेणी लग्नानंतर एकदाच पाहिलेली. म्हटलं, "वाटेत फक्त अर्धा तास अजिंठ्याला थांबू हो."

तो जरा घुटमळला. म्हणाला, "सर, मला पाचच्या आत घरी परत पोचायचंय."

मी काय म्हणालो? "अहो, अर्ध्या तासाने असं काय होतंय!"

आता जो माणूस अजिंठ्याला एकदा तरी गेलाय त्याला ठाऊक आहे, की अर्ध्या तासात अजिंठा होत नाही. अर्ध्या तासात तुम्ही लेण्यांपर्यंत पोचतसुद्धा नाही. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती लावायची, दुकानांच्या रांगांतून चालत जायचं, तिथून एस.टी.ची बस धरायची आणि चारेक किलोमीटर आत जायचं. बस भरेपर्यंत थांबणं आलं. मग तिकिटाची रांग, मग पायऱ्या. मला हे सगळं माहीत होतं. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पूर्ण माहीत असून मी 'अर्धा तास' म्हणालो. याला मराठीत खोटं बोलणं म्हणतात, आणि यासाठी मी मुलांना बाकावर उभं केलेलं आहे.

सव्वानऊला फाट्यावर उतरलो, सव्वा वाजता परत आलो. चार तास. मधे त्याने दोनदा फोन केला होता, पण खाली माझा फोन लागत नव्हता. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "जरा उशीरच झाला, नाही?" तो काही बोलला नाही. गाडी मात्र त्याने नेहमीसारखीच सावकाश चालवली, हे मुद्दाम सांगतो. राग ॲक्सिलरेटरवर काढणारे आपण पाहतोच.

तीन वाजता जळगावला मेहुण्याच्या दारात उतरलो. भाड्याशिवाय थांबण्याचे तासाला दीडशेप्रमाणे सहाशे रुपये जास्तीचे झाले होते. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "हे काही आपलं ठरलं नव्हतं."

तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "थांबायचंही ठरलं नव्हतं, सर."

याला उत्तर नव्हतं. मी पाकीट काढत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे लहान मुलीचा आवाज. तो जरा बाजूला गेला, पण गल्ली अरुंद, ऐकू आलंच. "नाही गं बाळा, आज नाही जमत. जळगावलाच आहे अजून. आईला सुट्टी नाही ना... मग बाईंना सांग, बाबा ड्युटीवर आहेत म्हणून. पुढच्या मीटिंगला नक्की येतो."

पालकसभा होती. सातवीतल्या मुलीची. पाच वाजता.

मंडळी, मी छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली वीसेक वर्षं वर्गशिक्षक होतो. पालकसभेला न येणाऱ्या बापांबद्दल माझं फार ठाम मत असायचं. प्रगतिपुस्तकावर मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे: 'पालकांचे सहकार्य नाही.' रिक्षावाले, हमाल, ट्रकवर जाणारे असे कितीतरी बाप माझ्या वहीत गैरहजर आहेत. त्या प्रत्येकाला त्या दिवशी कोणी अडवून ठेवलं होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच अडवून ठेवणारा माणूस मला दिसला. तो मीच होतो.

सहाशे दिले. वर दोनशे दिले. त्याने सहाशे घेतले, दोनशे परत केले. म्हणाला, "राहू द्या सर, सहाशे मालकाचे आहेत." आणि गेला.

ही ती मुख्य गोष्ट.

आता याच्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. केवळ 'वाईट वाटलं' म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. यात एक साधा व्यवहार आहे आणि तो आपण सगळेच चुकवतो, असं माझं मत झालं आहे.

बाहेरगावची गाडी दोन तऱ्हांनी मिळते. एक म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं. यात किलोमीटरचा दर असतो, बहुतेक ठिकाणी दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग वेगळं. गाडी त्याच्या ठिकाणाहून निघते आणि परत तिथे पोचते तोवर मीटर चालू. जळगाव इथून सुमारे एकशे साठ किलोमीटर. परतीचे धरून तीनशे वीस. ही गाडी दिवसभर तुमची असते. हवं तिथे थांबा. दुसरी तऱ्हा म्हणजे ड्रॉप. ती स्वस्त पडते, कारण गाडीवाला तुम्हाला दिवस विकत नाही, फक्त अंतर विकतो. उरलेला दिवस त्याचा असतो. त्यात त्याला दुसरं भाडं करायचं असतं, किंवा घरी जायचं असतं.

आपण काय करतो? ड्रॉपच्या भावात दिवसभराची गाडी वापरतो. ठरवताना फक्त 'जळगाव' म्हणतो आणि अजिंठ्याचा विषय सिल्लोडला चहा पिताना काढतो, कारण आधी काढला तर भाडं वाढेल. आणि तिथे, रस्त्यात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ड्रायव्हर 'नाही' म्हणू शकत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईकाने तक्रार केली तर मालक त्याला विचारणार. म्हणजे त्याच्या नकार देण्याच्या अडचणीवर आपण आपली सहल काढतो. भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो ते तिच्या तोंडावर तरी करतो. इथे मापातच मारतो.

हे मी एकदा आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात बोललो, तर तिथे दोन मतं निघाली. एक जण म्हणाले, "अहो, तो त्याचा धंदा आहे. थांबण्याचे पैसे दिलेत ना? मग संपलं." हे अर्धं बरोबर आहे. पैसे द्यायलाच हवेत आणि मी दिले. पण पाच वाजताची पालकसभा सहाशे रुपयांत भरून येत नाही. वेळ विकणाऱ्याला, मी तुझा कुठला वेळ घेणार आहे हे आधी सांगितलं, तर तो हो किंवा नाही म्हणू शकतो. नंतर सांगितलं तर तो फक्त बिल लावू शकतो. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा सरळ एस.टी.ने जावं." हे मला मनापासून पटतं आणि गुडघ्यांना पटत नाही. तरुणपणी आम्ही एस.टी.नेच गेलो. फर्दापूरला उतरायचं, लेणी बघायची, संध्याकाळची गाडी धरायची. पण सामान घेऊन, पंचाहत्तरीला, उन्हात फाट्यावर उभं राहणं आता होत नाही. वयस्कर माणसांना अशी गाडी हा काही शौक नाही. ती नसेल तर आम्ही घरातच बसू. तेव्हा गाडी करावी, खुशाल करावी, वाटेत थांबावंही. मी थांबण्याच्या विरुद्ध मुळीच नाही. उलट, न थांबता जाणं हेच मला चमत्कारिक वाटतं.

कारण हा रस्ता थांबत थांबत जाण्याचाच आहे. दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरायची ही जुनी वाट. व्यापाऱ्यांचे तांडे पैठणच्या बाजूने उत्तरेकडे जायचे ते याच डोंगराळ मुलखातून. अजिंठ्याची पहिली लेणी इसवी सनापूर्वीच्या शतकांत कोरली गेली ती अशाच वाटेच्या आसऱ्याने. दुसरा मोठा बहर पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा भिंतभर रंगवलेली आहे. प्रवासाला निघालेला व्यापारी, समुद्र, संकटं. वाटसरूंनी बघायच्या भिंतीवर वाटसरूचीच गोष्ट! पुढे मध्ययुगात अजिंठा गावात आणि खाली फर्दापूरला सराया बांधल्या गेल्या, त्या आजही पडझडलेल्या का होईना उभ्या आहेत. सराईत धनी उतरायचा तसा गाडीवानही उतरायचा, बैलही उतरायचे. थांबा म्हटला की सगळ्यांचा थांबा. आज आपण फाट्यावर गाडी लावतो, तिथे गाडीला जागा आहे. गाडी चालवणाऱ्याने चार तास कुठे टेकायचं याचा विचार त्यात दिसत नाही. तो सीट मागे करून, काच खाली करून पडून राहतो.

सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र भिक्षूचा आहे. दान देणाऱ्यांची नावं दगडात राहिली आणि ते चांगलंच झालं. पण त्या दात्यांना डोंगरापर्यंत घेऊन येणाऱ्या गाडीवानाचं नाव कोरलेलं निदान माझ्या पाहण्यात नाही. एक कॅप्टन जॉन स्मिथ मात्र १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आला, त्याला लेणी दिसली, आणि त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. सहलीत खांबावर नाव लिहिणाऱ्या पोरांचे कान मी उपटायचो तेव्हा एक चळवळ्या मुलगा म्हणाला होता, "सर, त्या साहेबाचं चालतं का?" मला हसू आवरलं नव्हतं.

तर दुसरी फेरी. गेल्या डिसेंबरात पुन्हा जळगावला जायचं ठरलं. या वेळी मी मुलाला मधे घेतलं नाही, स्वतः फोन केला. पहिल्या वाक्यातच सांगितलं, की मधे अजिंठा आहे आणि तिथे साडेचार तास लागतील. पलीकडचा म्हणाला, "काका, लोक दोन तास सांगतात." म्हटलं, लोक सांगू देत, मी साडेचार सांगतोय. त्याने दिवसाचं भाडं सांगितलं. ड्रॉपपेक्षा बरंच जास्त होतं. मी हो म्हणालो. मोबदल्यात मला काय मिळालं? चार तासांची मनःशांती. घड्याळाकडे न बघता लेणी बघणं काय असतं ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं. सहलीत तर मी कायम मुलंच मोजत असायचो.

ड्रायव्हर या वेळी पंचविशीतला पोरगा. माझ्या मनात जुनं देणं होतंच. फाट्यावर उतरल्यावर मी त्याला म्हणालो, "चला आमच्याबरोबर. तिकीट मी काढतो. किती वर्षं या रस्त्यावर आहात, लेणी पाहिलीत का?"

"नाही पाहिली."

मला वाटलं, आता हा खूश होणार. मास्तरांना समोर कोरी पाटी दिसली की जे होतं ते मला झालं. पद्मपाणी कसा दाखवायचा, कुठून सुरुवात करायची, सगळं मनात जुळवायला लागलो.

तो म्हणाला, "काका, राग येऊ देऊ नका, पण मला झोपू द्या. रात्री शिर्डीहून अडीचला आलो."

मी गप्प झालो. अडीचला आलेला पोरगा सातला आमच्या दारात उभा होता. आंघोळ आणि गाडी धुणं वजा केलं तर झोप किती उरली? आणि अजिंठ्याचा घाट आम्ही त्याच्या भरवशावर उतरलो होतो, गप्पा मारत, शेंगा खात. मी त्याला लेणी दाखवून उपकार करायला निघालो होतो. त्याला हवी होती ती झोप, आणि ती माझ्या त्या साडेचार तासांत आयती होती. म्हटलं, "झोपा. पाणी ठेवा जवळ. जेवण झोपेनंतर आपण बरोबर करू. आम्ही आलो तरी उठायची घाई नाही."

याबद्दल कायदा नाही असं नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती, लांबच्या प्रवासासारख्या कारणांसाठी थोडी सवलत ठेवून. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही लिहिली होती. हा कायदा पुढे नव्या कामगार संहितेत सामावला गेला. पण कायदा मोठ्या आस्थापनांना बघून लिहिलेला. दोन गाड्यांचा मालक आणि रोजावरचा ड्रायव्हर यांच्यात रात्री अडीच ते सकाळी सात या वेळात कायद्याचा माणूस नसतो. तिथे फक्त गिऱ्हाईक असतं. म्हणून मला वाटतं, गिऱ्हाईकानेच विचारायला हवं: गाडी आदल्या रात्री कुठे होती? आपण ए.सी. आहे का विचारतो, कॅरिअर आहे का विचारतो, गाडी कुठल्या सालची विचारतो. चालवणारा किती झोपला हे विचारत नाही. निदान स्वतःच्या जिवासाठी तरी विचारावं. मीही त्या दिवशी विचारलं नव्हतं, हे कबूल करतो. थांबा ठरवायला शिकलो होतो, हे शिकायचं राहिलं होतं.

त्या दिवशी लेणी मात्र मनासारखी पाहिली. हिच्यासाठी डोली केली. लाजत होती, पण चार माणसांच्या खांद्यावर बसल्यावर म्हणाली, "वरात पुन्हा निघाली." सगळी लेणी बघायचा हट्ट वयस्करांनी करू नये. पहिलं, दुसरं, मग नववं-दहावं, सोळावं, सतरावं आणि शेवटी सव्विसावं बघितलं तरी डोळे भरतात. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलात की आधी काहीच दिसत नाही. नुसता अंधार आणि काही डाग. बरेच जण तेवढं बघून 'पुसट झालंय सगळं' म्हणत बाहेर पडतात. तिथे नुसतं उभं राहावं. काही मिनिटांनी डोळे सरावतात आणि मग भिंतीतून पद्मपाणी हळूहळू पुढे येतो, हातात कमळ, खाली झुकलेली नजर. त्याला घाई चालत नाही. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, डाव्या भिंतीला लांबच लांब पहुडलेली मूर्ती आणि खाली शोक करणारी माणसं. ही तिथे बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. 'फक्त अर्धा तास'वाल्यांना यातलं काय मिळणार?

दोन वाजता फाट्यावर आलो तेव्हा पोरगा ताजातवाना होऊन गाडीची काच पुसत होता. तिघांनी एकाच टेबलावर भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. त्याला वेगळ्या टेबलावर बसायची सवय होती. उठून जायला लागला, तर ही म्हणाली, "बस रे बाबा, मला एकटीला ठेचा संपणार नाही." जळगावला चार वाजता पोचलो. बिलावरून एक शब्द झाला नाही, कारण बोलायला काही उरलंच नव्हतं.

तर स्नेह्यांना फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात इथेही सांगतो. वार बघा. ठरवतानाच थांब्याचं नाव आणि खरे तास सांगा, वर अर्धा तास वाढवून सांगा. ड्रॉप आणि दिवसाचं भाडं यातला फरक विचारून घ्या आणि थांबायचं असेल तर दिवसाचंच भाडं द्या. टोल, पार्किंग, भत्ता यात धरलंय का ते विचारा, म्हणजे दारात वाद नको. सामान गाडीत राहणार, म्हणून दागिने-कागदपत्रांची पिशवी जवळ ठेवा, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन कागदावर लिहून घ्या, कारण खाली फोन लागेलच असं नाही. आणि परत किती वाजता भेटायचं ते ठरवूनच जा.

हे झालं माझ्या स्नेह्यांसाठी. आता हिच्या म्हणण्याप्रमाणे मुख्य गोष्ट. गाडी सुरू होण्याआधी चालवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. रात्री झोप झाली का? आणि आज तुम्हाला कुठे पोचायचं आहे का? या दोन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. उत्तर गैरसोयीचं आलं तर बेत बदलावा लागेल, तेवढी तयारी ठेवा. आपल्याला जसं कुठेतरी पोचायचं असतं तसं त्यालाही असतं. आपलं ठिकाण पावतीवर लिहिलेलं असतं, त्याचं नसतं, एवढाच फरक.

सातवीतली ती मुलगी आता बारावीच्याही पुढे गेली असेल. तिच्या बाईंनी त्या दिवशी वहीत काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे, कारण मीही तेच लिहीत आलो. त्या जुन्या वह्या आज हातात असत्या तर मी काही खोडलं नसतं. खाडाखोड करू नये, असंच मुलांना शिकवलंय. समासात फक्त एक प्रश्न लिहिला असता: वडील त्या वेळी कोणासाठी थांबले होते?